स्ट्राँबोलीची चढण

नववीच्या वर्गांत ज्वालामुखीचा पाठ चालूं असतां एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, जो डोंगर पेटलेला आहे त्याच्यावर शहाणीं माणसें चढतात तरी कशाला?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आणि वेळ मारून नेण्यासाठीं 'कुतूहल' एवढें एकच उत्तर देऊन फळ्यावरील आकृतीकडे वळलों. पण तें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नव्हतें. पुढें त्याच उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस व आमच्या शाळेंतील विज्ञानाच्या सहशिक्षकांस इटली देशांत जाण्याचा योग आला, आणि सिसिलीच्या उत्तरेस समुद्रांत असलेल्या स्ट्राँबोली नांवाच्या जागृत ज्वालामुखीवर आम्ही जाऊन आलों. त्या चढणीची हकीकत, आणि तिच्या निमित्तानें जें वाचलें व पडताळून पाहिलें तें, येथें सांगण्याचें योजिलें आहे. प्रश्न विचारणारा मुलगा आतां दहावींत आहे. उत्तरास एक वर्षाचा उशीर झाला याबद्दल त्यानें क्षमा करावी.

आरंभीं एक गोष्ट लक्षांत आणून देणें अवश्य आहे. महाराष्ट्राची बहुतेक भूमि ही ज्वालामुखीचीच निपज आहे. सह्याद्रीचे काळे कडे, गडांचे तट ज्यांवर उभे आहेत ते कातळ, आपल्या शाळेच्या पायांतील दगड, हे सर्व सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहून आलेल्या शिलारसाचे थर होत. एक थर थंड झाला कीं त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असें होत गेल्यामुळें आपले डोंगर दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. घाटांतून जातांना आपण तें नित्य पाहतों आणि त्याकडे लक्ष देत नाहीं. (लोणारचें सरोवर मात्र या सदरांत घालूं नये. तें अशनिपातानें झालेलें विवर आहे. उत्तरपत्रिकेंत दरवर्षीं कोणीतरी तें ज्वालामुखीचें मुख म्हणून लिहितोच.) आज भारताच्या हद्दींत जागृत असा ज्वालामुखी एकच, अंदमानांतील बॅरन बेट. दीर्घकाळ निजून तें १९९१ सालीं पुन्हां जागें झालें. पण त्यावर उतरण्याची मुभा सामान्य प्रवाशास नाहीं. नावेंतूनच त्याचें दर्शन घ्यावें लागतें. म्हणून जिवंत ज्वालामुखीच्या अंगावर पाय ठेवावयाचा तर परदेशाचीच वाट धरणें प्राप्त आहे.

स्ट्राँबोली हें बेट म्हणजे डोंगर आणि डोंगर म्हणजे बेट, असा प्रकार आहे. बेटाचें क्षेत्रफळ अवघें १२-१३ चौरस किलोमीटर, आणि मधोमध ९२४ मीटर उंचीचें शिखर. समुद्रसपाटीच्या खालीं हाच डोंगर आणखी दीड-दोन हजार मीटर खोल उतरला आहे, म्हणजे आपण पाहतों तें त्याचें केवळ डोकें होय. सिसिलींतील मिलाझ्झो बंदरांतून जलद नावेनें आम्हांस सुमारें तीन तास लागले. वाटेंत लिपारी व इतर बेटें लागतात. या सर्व बेटांचा मिळून युनेस्कोनें इ. स. २००० मध्यें जागतिक वारशांत समावेश केला आहे.

धक्क्यावर उतरतांच पहिलें आश्चर्य दिसलें तें असें, कीं सामान वाहून नेण्यासाठीं तेथें ओळीनें आपल्याकडील आपे टेंपो उभे होते. इटालियन भाषेंत 'आपे' म्हणजे मधमाशी. हें वाहन मूळचें तिकडचें, आणि त्याच कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीस आहे. पांढऱ्या घरांमधून जाणाऱ्या अरुंद बोळांत याहून मोठें वाहन शिरणेंच कठीण. रस्त्यावर दिवे नाहींत. लोक रात्रीं हातांत विजेरी घेऊन फिरतात. पिण्याचें पाणी जहाजानें येतें. बेटाच्या पलीकडच्या अंगास जिनोस्त्रा नांवाची चिमुकली वस्ती आहे, तिकडे रस्ताच नाहीं, नावेनेंच जावें लागतें. एके काळीं या बेटावर दोन-तीन हजार माणसें राहत. द्राक्षमळे होते, गलबतें होतीं. पुढें मळ्यांवर कीड पडली, गलबतांचा धंदा बसला, १९३० सालीं मोठा उद्रेक झाला, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें ऑस्ट्रेलिया व अमेरिकेस निघून गेलीं. आतां कांहीं शेंच माणसें उरलीं आहेत, व त्यांतील बहुतेकांची पोटाची सोय प्रवाशांवर चालते. हें शेवटचें वाक्य पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून ध्यानांत ठेवावें.

गांवकरी डोंगराला नांवानें हांक मारीत नाहींत. ते त्याला 'इद्दू' म्हणतात, म्हणजे नुसतें 'तो'. आपल्याकडे जुन्या घरांतील स्त्रिया यजमानांचें नांव घेत नसत, त्याची आम्हांस आठवण झाली.

आतां हा डोंगर पेटलेला म्हणजे कसा, तें पाहूं. सर्व ज्वालामुखी एका स्वभावाचे नसतात. कांहीं शतकानुशतकें तोंड मिटून बसतात व एके दिवशीं फुटतात. कांहींतून शिलारस नदीसारखा शांतपणें वाहतो. स्ट्राँबोलीचें तोंड नेहमीं उघडें असतें. त्याच्या माथ्याजवळ, सुमारें ७५० मीटर उंचीवर, कांहीं मुखें आहेत, आणि त्यांतून सामान्यतः दहा-वीस मिनिटांनीं एक स्फोट होतो. याचें कारण असें कीं, खोल नळींत जो शिलारस साठलेला असतो त्यांत पाण्याची वाफ व इतर वायु विरघळलेले असतात. वर येतां येतां दाब कमी होतो आणि वायु सुटे होऊन त्यांचे बुडबुडे बनतात. लहान बुडबुडे एकत्र होऊन मोठे होतात; नळीच्या रुंदीएवढा एखादा प्रचंड बुडबुडा पृष्ठभागाशीं येऊन फुटला, कीं तो आपल्याबरोबर तापलेल्या शिलारसाचे गोळे शंभर-दोनशें मीटर उंच उडवितो. चुलीवर पिठलें रटरटत असतां मधूनच एखादा बुडबुडा फुटून हातावर शिंतोडा उडतो, तें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस यापेक्षां अधिक स्पष्टीकरण नको. फरक इतकाच कीं येथील पिठल्याची उष्णता सुमारें १,१०० अंश सेल्सिअस आहे.

हा क्रम हजार वर्षांहून अधिक काळ चालूं आहे. रात्रीं समुद्रावरून हा लाल झोत दिसे म्हणून खलाशी या डोंगरास भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत. शास्त्रज्ञांनीं तर या जातीच्या सर्व उद्रेकांसच 'स्ट्राँबोली पद्धतीचे' असें नांव दिलें आहे. इतका नियमित, इतका ओळखीचा ज्वालामुखी दुसरा क्वचितच असेल. प्रवाशांस त्याचें जें आकर्षण वाटतें तें यामुळेंच. आणि त्यांची फसगत होते तीही यामुळेंच.

संध्याकाळीं सहाच्या सुमारास वाटाड्यानें आम्हां बारा जणांस देवळासमोरच्या चौकांत एकत्र केलें. प्रथम त्यानें प्रत्येकाचे पाय पाहिले. दोघांच्या पायांत सपाता होत्या. त्यांस त्यानें जवळच्या दुकानांत धाडून भाड्यानें जाड तळाचे बूट घ्यावयास लाविलें. मग प्रत्येकास एक शिरस्त्राण, व राख उडाल्यास तोंडावर बांधावयाची पट्टी. पाणी, विजेरी आणि वाऱ्यासाठीं एक गरम कपडा आमचा आम्हीं घेतला होता. आमच्या सहशिक्षकांनीं छत्री घेतली होती, ती वाटाड्यानें हंसत हंसत परत ठेवविली. निघण्यापूर्वीं त्यानें तीन गोष्टी सांगितल्या. भोंगा वाजला तर पळत सुटूं नये, त्याच्याकडे पाहावें. वरून दगड येतांना दिसले तर पाठ फिरवूं नये. वर पाहावें, दगड कोठें येतो तें हेरावें आणि मग बाजूस व्हावें. आणि समुद्र एकाएकीं मागें हटलेला दिसला तर किनाऱ्याकडे न जातां उंचावर जावें. ही शेवटची सूचना आम्हांस विचित्र वाटली, कारण आम्ही आगीकडे निघालों होतों, पाण्याकडे नव्हे. तिचा उलगडा पुढें होईल.

वाट प्रथम गांवाच्या कडेनें, बोरूच्या बेटांतून आणि केपरच्या झुडपांमधून जाते. खालीं काळी वाळू, तिच्यावर निळें पाणी, आणि समुद्रांत एकटाच उभा असलेला स्ट्राँबोलीक्यो नांवाचा सुळका. हा सुळका म्हणजे सुमारें दोन लक्ष वर्षांपूर्वींच्या एका ज्वालामुखीच्या नळींतील घट्ट झालेला दगड. भोंवतालचा डोंगर लाटांनीं खाऊन टाकला, आंतली कांडी तेवढी राहिली. आज तिच्यावर दीपगृह आहे. लाब्रोंझो नांवाच्या टेकाडानंतर चढ उभा होतो. जुनी दगडी फरसबंदी संपते आणि पायाखालीं राखेसारखी भुसभुशीत काळी रेती येते. दोन पावलें वर जावें तों एक पाऊल खालीं घसरावें. आमचें वय चाळिशीच्या पुढचें असल्यामुळें आम्ही वारंवार 'सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठीं' थांबत होतों, हें कबूल केलें पाहिजे.

सव्वा तासानें आम्ही २९० मीटर उंचीच्या सज्ज्याशीं पोहोंचलों. तेथून डोंगराची वायव्येकडील बाजू उघडी दिसते. या बाजूस माथ्यापासून समुद्रापर्यंत एक विशाल काळी घसरगुंडी आहे. तिला 'अग्नीची घसरण' या अर्थाचें इटालियन नांव आहे. मुखांतून पडलेले निखारे हिच्यावरून गडगडत थेट पाण्यांत जातात, आणि गांव घसरणीच्या बाजूस नसल्यामुळेंच तेथें वस्ती शक्य झाली आहे.

सूर्य मावळला. प्रथम कांहींच दिसेना. माथ्यावर धुराचा एक पांढुरका पुंजका तेवढा होता. मग त्या पुंजक्याचा खालचा भाग तांबूस झाला, जणूं कोणी आंत फुंकर घालीत आहे. आणि अकस्मात् एक लाल कारंजें उसळलें! ठिणग्या वर गेल्या, क्षणभर तेथेंच थबकल्यासारख्या दिसल्या, आणि सावकाश पसरत खालीं आल्या. सर्व कांहीं निःशब्द. बाराही जण गप्प होते. मग कोठून तरी दूर लोखंडी दार आपटावें तसा आवाज आला, आणि त्यामागून घसरणीवरून धोंडे गडगडत जाण्याची खडखड, ती कितीतरी वेळ.

आमच्या सहशिक्षकांतील शिक्षक अशा वेळींही जागा होता. दुसऱ्या स्फोटाच्या वेळीं त्यांनीं घड्याळ धरलें. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सुमारें तीन सेकंद गेले. ध्वनि सेकंदास साधारण ३४० मीटर जातो, तेव्हां मुख आमच्यापासून सुमारें एक किलोमीटर दूर होतें. पुढें त्यांनीं एक मोठी ठिणगी निवडून ती सर्वांत उंच जागेवरून खालीं टेंकेपर्यंतचा वेळ मोजला. तो साडेपांच सेकंदांच्या जवळपास भरला. पडणाऱ्या वस्तूचें अंतर म्हणजे गुरुत्वप्रवेगाचें निम्में गुणिलें वेळेचा वर्ग. ४·९ ला साडेपांचाच्या वर्गानें गुणिलें असतां सुमारें दीडशें मीटर येतात. म्हणजे जी ठिणगी आम्हांस काजव्याएवढी दिसत होती ती गिरगांवांतल्या कोणत्याही चाळीच्या कित्येक पट उंच उडून पडत होती, आणि ती 'ठिणगी' वस्तुतः कदाचित् हंड्याएवढा धोंडा असेल. नववीच्या मुलांनीं हें गणित वहींत करून पाहावें.

येथून पुढें ४०० मीटर उंचीपर्यंत जावयाचें होतें. त्या दिवसांत वाटाड्याबरोबर तेथवर जाण्याची परवानगी होती, आणि आम्हीं पैसे तितक्या चढाचेच भरले होते. आम्ही उठून पट्टे आवळले, इतक्यांत वाटाड्याच्या कमरेचें बिनतारी यंत्र बोलूं लागलें. त्यानें ऐकून घेतलें, दोन शब्द उत्तर दिलें, आणि आम्हांकडे वळून म्हणाला, "आज येथेंच. वर जावयाचें नाहीं."

आमच्यांतील एका गृहस्थांस राग आला. ते म्हणाले, "डोंगर तर अगदीं शांत आहे. मघांपासून दर पंधरा मिनिटांनीं तेंच चाललें आहे. मी पैसे वरपर्यंतचे दिले आहेत."

"फरकाचे पैसे तुम्हांस कचेरींत परत मिळतील," वाटाड्या म्हणाला.

"मला पैसे नकोत, मला वर जावयाचें आहे. उद्यां सकाळीं माझी बोट आहे."

"मला उद्यां पुन्हां येथें यावयाचें आहे," वाटाड्या शांतपणें म्हणाला, आणि खालीं बसून त्यानें पाण्याची बाटली काढली.

खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आमचें मन त्या रागावलेल्या गृहस्थांच्या बाजूचें होतें. आम्ही हजारों मैलांवरून आलों होतों; पुन्हां येण्याचा संभव नव्हता; आणि समोर शंभर-सव्वाशें मीटरांचा चढ काय तो उरला होता. आम्हीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं, कारण शिक्षकास तसें शोभलें नसतें. पण मनांत म्हटलें. आणखी तासभर आम्ही तेथें बसलों, चार-पांच स्फोट पाहिले, आणि विजेऱ्या लावून खालीं उतरलों. त्या रात्रीं डोंगरावर नेहमीपेक्षां निराळें असें कांहींएक घडलें नाहीं.

हें शेवटचें वाक्य वाचून तुमच्यांपैकीं कित्येक म्हणतील, "मग वाटाड्याचें चुकलें!" थांबा. खालीं आल्यावर आमच्या सहशिक्षकांनीं त्यास बांकावर बसवून विचारलें, तेव्हां त्यानें ३ जुलै २०१९ ची हकीकत सांगितली. ती आम्हीं पुढें नोंदींवरून पडताळून पाहिली.

त्या वर्षापर्यंत वाटाड्यांबरोबर थेट माथ्यापर्यंत, मुखांच्याही वर, जातां येत असे. उन्हाळ्यांत रोज संध्याकाळीं तुकड्यामागून तुकड्या सूर्यास्ताच्या बेतानें तेथें पोहोंचत. त्या दिवशीं हवा स्वच्छ होती, डोंगर नेहमीसारखाच होता. दुपारीं पावणेपांचाच्या सुमारास दोन प्रचंड स्फोट झाले. धुराचा खांब कित्येक किलोमीटर वर गेला. तापलेल्या राखेचा व वायूचा लोट घसरणीवरून उतरून समुद्राच्या पृष्ठभागावरही धांवत गेला. जिनोस्त्राच्या बाजूस पेटलेले दगड पडून रान भडकलें. डोंगराच्या त्या अंगास असलेला एक प्रवासी मृत्यु पावला. एकच, कां? तर तुकड्या अद्याप वर पोहोंचल्या नव्हत्या म्हणून. तोच स्फोट तीन-चार तास उशिरां होता तर माथ्यावर किती माणसें असतीं याचा हिशेब तुम्हीच करा. पुढें २८ ऑगस्ट रोजीं तसाच दुसरा मोठा स्फोट झाला. तेव्हांपासून शिखराची वाट बंद आहे, आणि खालच्या वाटाही डोंगराची लक्षणें पाहून उघडतात किंवा मिटतात.

अशा मोठ्या स्फोटाचा शिलारस वरच्या नळींतला नसतो. तो फार खोलून, वायूनें भरलेला असा वेगानें वर येतो. म्हणून वर दर पंधरा मिनिटांनीं काय चाललें आहे यावरून खालीं काय शिजत आहे तें कळत नाहीं. मात्र तो वर येऊं लागला कीं डोंगराचें अंग किंचित् फुगतें. हा फुगवटा डोळ्यांस दिसण्यासारखा नसतो. जमिनींत पुरलेलीं कलमापक यंत्रें तो टिपतात. फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं या यंत्रांवरून आपोआप भोंगे वाजविण्याची व्यवस्था केली आहे. तिनें मिळणारा अवधि मिनिटांचा असतो, तासांचा नव्हे. पांच मिनिटांत ४०० मीटर उंचीवरून तुम्ही किती दूर जाल? आम्ही तर फार दूर जाणार नाहीं.

आणि समुद्राची ती सूचना? ३० डिसेंबर २००२ रोजीं घसरणीचा मोठा भाग समुद्रांत कोसळला, आणि त्यामुळें उठलेल्या लाटा कित्येक मीटर उंच चढून गांवाच्या किनाऱ्यावरील घरांत शिरल्या. थंडीचे दिवस असल्यामुळें किनाऱ्यावर प्रवासी नव्हते, म्हणून प्राणहानि झाली नाहीं. ऑगस्टांत तीच वाळू माणसांनीं फुललेली असते.

येथें कोणी म्हणेल कीं स्ट्राँबोली हा मुळांतच उग्र. सौम्य डोंगर निवडावा. तर जपानांतील ओंताके पर्वताचें उदाहरण पाहा. उंची ३,०६७ मीटर. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारचे बारा वाजण्यास आठ मिनिटें कमी. शरद् ऋतूंतील रंगीत पानें पाहण्यासाठीं शेंकडों लोक माथ्यावर आले होते, कित्येकांनीं जेवणाचे डबे उघडले होते. सरकारी धोक्याची पायरी पहिली, म्हणजे सर्वांत खालची. तिला तेव्हां जपानी भाषेंत 'नित्याप्रमाणें' अशा अर्थाचा शब्द लावीत. आंतील पाणी तापून त्याची वाफ फुटली. ताजा शिलारस वर आलाच नाहीं, केवळ वाफेनें जुने खडक उडविले, आणि ५८ जण मेले, ५ जणांचा शोधच लागला नाहीं. बहुतेकांचे प्राण वरून पडणाऱ्या दगडांनीं घेतले. त्यानंतर त्या पायरीचा शब्द बदलण्यांत आला. आतां तेथें 'हा जागृत ज्वालामुखी आहे हें ध्यानांत ठेवा' अशा अर्थाचें लिहितात. एका शब्दाचा हा फेरबदल आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. यंत्रें चुकलीं नव्हतीं. पंधरवड्यापूर्वीं लहान भूकंप वाढल्याचें त्यांनीं दाखविलेंही होतें. पण 'नित्याप्रमाणें' हा शब्द वाचून मनुष्य निर्धास्त झाला.

न्यूझीलंडजवळील व्हाकारी बेटावर तर धोक्याची पायरी नोव्हेंबर २०१९ मध्यें एकीवरून दोनवर नेलेली होती. तरी सहली चालूं राहिल्या. ९ डिसेंबर रोजीं दुपारीं दोननंतर स्फोट झाला तेव्हां बेटावर ४७ माणसें होतीं, त्यांतील २२ मृत्यु पावलीं, त्यांत वाटाडेही होते. वांचलेल्यांस आणण्यासाठीं खासगी हेलिकॉप्टरांचे चालक पुन्हां केव्हां फुटेल याची खात्री नसतां राखेंत उतरले. ज्ञान असलें म्हणजे संकट टळतें असेंही नाहीं. १४ जानेवारी १९९३ रोजीं कोलंबियांतील गालेरास ज्वालामुखीवर सहा शास्त्रज्ञ व तीन प्रवासी एकाच स्फोटांत गेले, आणि ते शास्त्रज्ञ ज्वालामुखींच्याच अभ्यासासाठीं जमलेले होते.

आतां पुन्हां त्या रात्रीकडे वळूं. 'कांहीं घडलें नाहीं, म्हणून वर गेलों असतों तरी चाललें असतें', हा विचार दिसतो तितका सरळ नाहीं. रेल्वेचें फाटक बंद असतां खालून वांकून रूळ ओलांडणारा मनुष्य रोज घरीं सुखरूप पोहोंचतो. म्हणून फाटक निरर्थक ठरत नाहीं. शिवाय या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, आणि तें आमच्या सहशिक्षकांनीं परतीच्या बोटींत तिकिटाच्या पाठीवर मांडून दाखविलें. एका फेरींत अपघाताचा संभव हजारांत एक आहे असें धरूं. (हा आंकडा हिशेबापुरता घेतला आहे, प्रत्यक्षाचा नव्हे.) प्रवासी जन्मांत एकदां जातो, त्याच्या वांट्यास हजारांत एक येतो. वाटाड्या वर्षांतून दोनशें वेळां गेला तर त्याच्यावर एका वर्षांत प्रसंग ओढवण्याचा संभव शंभरांत १८ होतो. दहा वर्षांत तो शंभरांत ८६ होतो. ०·९९९ चा दोनशेंवा आणि दोन हजारावा घात काढून, एकांतून वजा करून पाहा.

'मला उद्यां पुन्हां येथें यावयाचें आहे', या शब्दांचा अर्थ आम्हांस तो आंकडा पाहिल्यावर कळला. आणि वाटाड्याचें पोटही याच डोंगरावर अवलंबून आहे, हें जें आरंभीं सांगितलें तें येथें आठवावें. वाट मिटली कीं त्याची रोजी बुडते. त्या रात्रीं मागें फिरण्यांत आमची केवळ हौस गेली, त्याचे पैसे गेले. तरी मागें फिरणारा तो होता आणि कुरकुरणारे आम्ही होतों.

मग जाऊंच नये काय? आमचें मत तसें नाहीं. जो देखावा आम्हीं पाहिला तो पाहिल्याबद्दल आम्हांस खेद नाहीं, आणि आमचा कोणी विद्यार्थी पुढें तेथें गेला तर आम्हांस आनंदच होईल. पण त्यानें निघण्यापूर्वीं त्या देशाच्या वेधशाळेचें ताजें पत्रक स्वतः वाचावें; सहल विकणाऱ्याच्या तोंडून ऐकूं नये. पायरीचा आंकडा पाहावा, आणि सर्वांत खालची पायरी म्हणजे शून्य नव्हे हें जाणावें. मुखाच्या अगदीं कडेवर जें पाहावयाचें तें थोडक्यांत पाहून निघावें, कारण तेथील प्रत्येक मिनिट मोजलें जातें. डबा उघडावयाचा तर खालीं येऊन उघडावा. शिरस्त्राण पिशवींत न ठेवतां डोक्यावर ठेवावें. आणि वाटाडी परत फिर म्हणाला तर बोटीची वेळ त्याला सांगूं नये.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं अद्याप दिलें नाहीं असें तो म्हणेल, आणि तें खरें आहे. माणसें कशाला चढतात? आम्ही कशाला चढलों तेवढें सांगूं शकतों. वीस वर्षें आम्ही फळ्यावर तीच आकृति काढीत आलों होतों: खालीं कोठी, मध्यें नळी, वर मुख, बाजूस बाण. त्या अंधारांत बसलों असतां खडकांतून एक कंप पायांस जाणवला, आवाजाच्याही आधीं, आणि तेव्हां प्रथम आम्हांस कळलें कीं ज्या गोष्टीविषयीं आपण इतकीं वर्षें बोलत होतों ती खरोखरीच आहे.

घरीं आल्यावर बूट झटकले तेव्हां त्यांतून चिमूटभर काळी रेती निघाली. ती विज्ञानाच्या खोलींत खिडकीजवळच्या कांचेच्या बशींत ठेविली आहे, आणि तिच्या शेजारीं घाटांतून आणलेला आपल्या काळ्या कातळाचा एक तुकडा आहे. दोन्हींवर भिंग धरलें असतां फरक दिसतो. रेतींतील कांहीं कण कांचेसारखे तुळतुळीत असून त्यांत वायूचीं बारीक छिद्रें आहेत. आपला दगड दाट आणि बारीक दाण्याचा आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. बशी मात्र हलवूं नये.